परसातला गोल ओव्हन

सत्तरच्या दशकात सोलापुरात नोकरी करणाऱ्या सुनेलाही पाटा-वरवंटा चुकत नसे. ऑफिसातून दमून यायचं आणि कांदा-खोबरं वाटत बसायचं, याचा मला उबग आला होता. म्हणून मी पगारातून विजेचा गोल ओव्हन आणला आणि कोंबडीवाल्याकडे मांडीचं मांस हाडं काढून मागितलं. तो हसला. "हड्डी निकालके क्या मजा, बाई?"

आमच्याकडे कोंबडी घरात शिजत नसे. तिची चूल, भांडी परसात वेगळी. मी वाद घातला नाही. खिडकीतून वायर काढली, ओव्हन परसात मांडला आणि दही, आलं-लसूण, तिखट लावलेले तुकडे भाजले. काय सुरेख झाले होते! बोट लावलं तर रस सुटत होता.

सासूबाईंनी झाकण उघडलं. "पाणी सुटतंय की अजून. कच्चंच हाय. आन् रस्सा न्हाय, तर भाकरी कशात कुस्करायची?"

मी हात धुऊन येईपर्यंत माझे तुकडे पातेल्यात काळ्या मसाल्यात रटरटत होते. नवरा जेवताना म्हणाला, "रस्सा झकास झालाय. पण हाडं कुठं गेली?" मी ताटावरून उठले.

कोंबडीला लागलेला ओव्हन पुन्हा घरात येणार नव्हता. केकही गेला, नानकटाईही गेली. पुढं सासूबाईंनी त्यात भुसा घालून खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. मी परसात वाटण वाटायचे आणि ती माझ्या ओव्हनमध्ये ऐसपैस बसून माझ्याकडे बघायची.