शेवटच्या डब्यात अडकलेले मामाजी

आमच्या मामाजींना मी एकदा सिनेमा दाखवून मारलं होतं.

(पुरतं नाही. मधल्यामध्ये.)

मामाजी म्हणजे माझे सासरे. मोठा निर्मळ माणूस! पहाटे उठून वांग्यांना पाणी द्यायचं, दुपारी लिंबाखाली पडायचं, संध्याकाळी भाकरीबरोबर झणझणीत ठेचा खायचा आणि 'तिखट काहून नाही?' असं विचारायचं. अशा माणसाचा जीव एका पत्र्याच्या डब्यापायी टांगणीला लागला. ऐकणारे हसतात. हसू द्या. मी त्या घरात होते, तुम्ही नव्हता.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं आणि मीही त्या घरात नवी नवीच होते. आमचं गाव मोताळ्याच्या थोडं अलीकडं. कापूस वेचून झाला, माणसं जरा मोकळी झाली, की बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू यायचा. त्या वर्षी तंबू आला आणि बैलगाडीवर भोंगा लावून माणूस ओरडत फिरला, "सतीची पुण्याई! यमाच्या दारात पतिव्रता! स्वर्ग पाहा, नरक पाहा, बायांची बसायची सोय वेगळी!"

मला जायचं होतं. मरणाचं जायचं होतं! पण मध्ये आत्याबाई होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना सिनेमाचं नाव काढलेलं खपत नसे.

"काय पाहाचं वं तठी? पावडर लावलेल्या बाया?"

"आत्याबाई, हा सिनेमा नाही," मी म्हटलं. "ही पोथीच आहे. वाचायची नाही, पाहायची, एवढाच फरक."

(मी दुसरी पास. बाकीची अक्षरं मी नंतर किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. पण हे वाक्य मला जन्मजात सुचलं, याचा मला अजून अभिमान आहे.)

आत्याबाई विरघळल्या. पण पोथी म्हटल्यावर पोथीची सगळी रीत आली! आत्याबाईंनी सकाळपासून उपास धरला. पाण्याशिवाय काही नाही, सिनेमा पाहून मग सोडायचा. शेजारच्या द्वारकाकाकूंनी ऐकलं, त्यांनीही धरला. द्वारकाकाकूंनी धरला म्हणजे सगळ्या गल्लीनं धरला, कारण त्यांच्या पोटात वांगं राहील पण गोष्ट राहणार नाही.

दिवेलागण झाली तसा बायांचा थवा हळदीकुंकवाची ताटं घेऊन तंबूवर गेला. चपला बाहेर. आत्याबाईंनी तंबूच्या मोठ्या खांबावर नारळ फोडला. मशीनवाला आतून ओरडला, "बाई, पाणी मशीनवर उडून राह्यलं!"

"तीर्थ हाये ते, भाऊ. मशीनचं भलं होईन."

सिनेमा सुरू झाला. एक कुंभाराची सून, नवऱ्यावर तिचा फार जीव. तो माती आणायला जातो, साप चावतो, मरतो. यमाची स्वारी येते आणि त्याचा जीव घेऊन निघते. ही बाई मागं मागं! काट्यातून, आगीतून, थेट वर. वर गेल्यावर सगळीकडं ढगच ढग. आम्ही कापूसवाली माणसं. ते ढग नव्हते, पिंजलेला कापूस होता, हे आम्ही तिथल्या तिथं ओळखलं.

"लांब धाग्याचा दिसते," द्वारकाकाकू म्हणाल्या.

"पण कचरा हाये त्याच्यात," मागून एकजण.

"चूप बसा वं! स्वर्ग हाये तो!" आत्याबाई गरजल्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पडद्यावरची बाई यमाच्या पायाशी पडली, यमानं हात वर केला, तोंड उघडलं... आणि पडदा पांढरा झाला.

थोडा वेळ कुणाला काही वाटलं नाही. देव बोलणार तर उजेड पडणारच! मग तंबूचा मालक, आम्ही त्याला शेठ म्हणायचो, कंदील घेऊन पडद्यापुढं उभा राहिला.

त्याचं असं होतं. एकच सिनेमा दोन तंबूंत चालायचा, एक आमच्याकडं आणि एक तिकडं वडनेर भोलजीला. तिकडं दाखवून झालेला रिळाचा डबा सायकलवर घालून माणूस इकडं आणायचा. बाकीचे डबे आले. शेवटचा डबा आणणारा गडी वाटेत कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत बसला आणि बुंदी संपेपर्यंत उठला नाही.

"मायबहिणींनो," शेठ म्हणाला, "शेवट तर सगळ्यांले ठाऊकच हाये! यम वर देते, नवरा उठते, आनंदीआनंद. राम राम!"

गडी माणसं शिव्या देत उठली. बाया उठल्या नाहीत. आत्याबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला.

"काय बे भाऊ, सत्यनारायणाची पोथी अर्धी वाचून भटजी उठते का? 'पुढचं तुमाले ठाऊक हाये' म्हणते का?"

"बाई, हा सिनेमा हाये..."

"सिनेमा नाई हा! पोथी हाये! माह्या सुनंनं सांगितलं मले! ते शिकेल हाये!"

सगळ्या तंबूनं माझ्याकडं पाहिलं. मी तंबूच्या छताकडं पाहिलं.

आता आमच्याकडची समजूत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. व्रताची कहाणी अर्धी टाकून उठू नये. उठलं की ज्याच्यासाठी व्रत, त्याच्यावर येतं. इथं तर कहाणीतला नवरा मेलेला आणि उठायचा राहिलेला! म्हणजे त्या तंबूतल्या प्रत्येक बाईचा नवरा आता वर अर्ध्या वाटेत. आत्याबाईंनी उपास सोडला नाही. द्वारकाकाकूंनी सोडला नाही. घरोघरी बाया तशाच निजल्या.

सकाळी डबा येईल म्हणून सगळे वाट पाहत होते. आमचे हे सायकल काढून वडनेरला गेले आणि तोंड पाडून आले.

"तठचा तंबू पहाटीच उठला. डबा त्याहिच्या सामानात गेला. रेल्वेनं, अकोल्याकडं."

आणि नेमकं त्याच वेळी ओसरीवर बसलेल्या मामाजींना उचकी लागली!

"कोणी आठवण काढून राह्यलं," मामाजी म्हणाले.

"कोण काढते तुमची आठवण?" आत्याबाई पांढऱ्याफटक पडल्या. "वरचाच काढून राह्यला!"

मामाजींना पाणी पाजलं, साखर दिली, पाठीत धपाटे घातले. उचकी थांबेना. त्यांनी तीन शिळ्या भाकरी आणि वाटीभर ठेचा खाल्ला होता, हे कारण मी हळूच सांगून पाहिलं. कुणी ऐकेना. शिकलेल्या सुनेचं ऐकूनच तर एवढं झालं होतं!

तोवर गावात धूर दिसेना. एका चुलीत जाळ नाही! उपाशी नवरे पारावर जमले. पाटील हसत म्हणाले, "अबे, चित्रातल्या माणसापायी काय उपाशी मरता?" पाटलीणबाई दारातूनच म्हणाल्या, "माह्याही उपास हाये." पाटील हसायचे थांबले.

तिकडं शेठ तंबू उतरवायला लागला. पुढच्या गावचा बाजार गाठायचा होता. ही बातमी आली आणि आत्याबाई उठल्या. पोटात अन्नाचा कण नाही, पण चाल अशी, की रस्त्यातली कुत्री बाजूला झाली. गेल्या आणि तंबूच्या सगळ्यात मोठ्या खुंट्यावर बसल्या. मागून आलेली एकेक बाई एकेका खुंट्यावर. दोर सोडायला खुंटा शिल्लक राहिला नाही.

शेठ हात जोडून आला. "माय, उठ ना! गाड्या जुंपल्या मी."

"माह्या माणसाले वर नेऊन ठेवलं अन् तू गाड्या जुंपतं?"

"मी काहाले नेतो वं बाई! बरं, तुमाले दुसरा सिनेमा दाखवतो. फुकट! हसायचा हाये."

"घरात मुडदा पडेल अन् हसायचा पाहू?"

मागं मामाजी उभे होते. "मी जित्ता हाये ना वं," ते म्हणाले आणि उचकले.

"तुमी चूप बसा! तुमाले काय समजते त्यातलं?"

आत्याबाईंचे ओठ सुकले होते. त्यांची चक्कर येऊन पडायची वेळ झाली होती, हे मला दिसत होतं. आणि त्या खुंट्यावरून उठणार नाहीत हेही दिसत होतं. मी घाबरले. घाबरले की माझी जीभ आपोआप चालते, तशी चालली.

"आत्याबाई, पोथीचं पान फाटलं तर भटजी तोंडपाठ म्हणतो का नाही? शेवट आपणच पुरा करू. पडदा आहे, तंबू आहे. यम..." मी शेठकडं बोट केलं. "यम हा उभा आहे."

"मी?" शेठ म्हणाला.

"मिशा हायेत," द्वारकाकाकूंनी निकाल दिला. आणि धावत जाऊन स्वतःची म्हैसही घेऊन आल्या!

पडद्यापुढं गोणपाट अंथरलं. मामाजींना त्यावर निजवलं. ते 'नाई, नाई' म्हणत होते, पण अर्ध्या गावच्या बाया एकीकडं आणि उचकी लागलेला म्हातारा एकीकडं. शेठच्या खांद्यावर घोंगडी टाकली, डोक्याला पितळी घंगाळ उपडं बांधलं. म्हैस शेजारी रवंथ करत उभी राहिली. आत्याबाई हात जोडून समोर आल्या.

"माग, बाई, वर माग," शेठ घंगाळाखालून पुटपुटला.

आता पडद्यावरच्या बाईनं काय मागितलं असेल ते देव जाणे. आमच्या आत्याबाईंनी मागितलंच नाही. त्या भांडल्या!

"वर काहाले? हा माह्या माणूस हाये! तुह्या बापाचा हाये का? रोपं लावायची राह्यली, मोट कोण हाकन? तू येतं का हाकाले?"

"नाई," यम म्हणाला.

"इतकी वरसं झाली, यानं कधी मले 'बरी हायेस का' म्हणून इचारलं नाई. कधी न कधी इचारन म्हणून मी थांबली हावो. अन् तू मधातच नेतं? मी रोज कोणाशी भांडू? भिताडाशी? मी नाई देत जाय! काय करतं ते कर!"

द्वारकाकाकू पदर तोंडात धरून रडायला लागल्या. मी पण. शेठच्या मिशा ओल्या झाल्या. तो ओरडला, "घे, माय! दिला तुह्या माणूस परत! उठ रे बाबा!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. मामाजी उठले नाहीत.

शेठनं पुन्हा म्हटलं, "उठ!" काही नाही. आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की मघापासून उचकीही ऐकू येत नाही!

"गेले वं माय!" कुणीतरी किंचाळलं. एकच कल्लोळ! शेठनं घंगाळ ओरबाडून फेकलं. "मी यम नाई हो! मी तंबूवाला हावो! मायची आन!" आमचे हे धावले, मी धावले, म्हैस दोर तोडून मशीनच्या खोलीत शिरली. तेवढ्या गोंधळात आत्याबाई मात्र हालल्या नाहीत. त्या खाली वाकल्या, मामाजींच्या कानाशी तोंड नेलं आणि अशा आवाजात ओरडल्या, की तो पार मोताळ्याच्या बाजारात गेला असेल.

"ऐकलं का! बैल वांग्यात शिरला!"

मामाजी ताडकन उठले, हाताला लागला तो बांबू उपसला आणि धोतर सावरत मळ्याकडं पळत सुटले. (तो बांबू तंबूचा होता. अर्धा तंबू शेठवर आला.) डाराडूर झोपला होता भला माणूस! रात्रभर बायकोनं 'जित्ते हाये का' म्हणून हलवून हलवून झोपू दिलं नव्हतं, गोणपाटावर पाठ टेकताच डोळा लागला.

मळ्यात बैल नव्हता. मामाजी दातओठ खात परत आले, तर आत्याबाई ओसरीवर भाकरी कुस्करत बसलेल्या.

"खोटं काहून बोलली वं?"

आत्याबाई भाकरी कुस्करतच राहिल्या. मामाजी उभे राहिले. मग काय मनात आलं कोण जाणे, खाली मान घालून म्हणाले, "बरी हायेस ना?"

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. मग म्हणाल्या, "जेवा गुमान."

म्हणजे झोपेत मामाजींनी सगळं ऐकलं होतं का, हे मी दोघांनाही विचारलं नाही. शहाणपण एकदाच सुचतं, ते मी तिथं वापरलं.

आता ते दोघंही नाहीत. गल्लीतल्या पोरीबाळींना ही गोष्ट सांगितली की त्या विचारतात, "आजी, असं कुठं असते का? सिनेमा खोटा असते." मी म्हणते, असेल बाई तुमचा खोटा. मागच्या साली नातू मला मलकापूरला टॉकीजात घेऊन गेला. हिरोला गोळी लागली. माझ्या मागं एक नवी नवरी हुंदके देऊन रडत होती. मला राहवेना. मी उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, "रडू नको माय, मरत नाही तो! मेला तरी आणतात परत!" लोकांनी आरडाओरडा केला, अंधारात जागा दाखवणारा बॅटरीवाला आला आणि मला हाताला धरून बाहेर काढलं. नातूही मागोमाग. शेवट राहिला!

संध्याकाळी घरी ताटावर बसलो. हे म्हणाले, "जेवत काहून नाही वं?"

"भूक नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारनं मी एकटी मलकापूरला गेले, उपाशीपोटी, डोक्यावरून पदर ओढून बॅटरीवाल्याच्या समोरून आत घुसले आणि शेवटच्या पाटीपर्यंत जागची हालले नाही. हिरो जगला. घरी येऊन पाहते, तर हेही जिवंत! आता सांगा, कोण म्हणतो सिनेमा खोटा असतो?