सपाट रेघा जपणाऱ्या डॉक्टर

डॉ. कुमुद सोनजे यांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या ग्रंथात मी लिहिणार नव्हते. मग समितीचे पत्र आले : 'मॅडमच्या गोड आठवणी द्याव्यात, कागदांचा वाद नको.' म्हणून लिहीत आहे, आणि कागदांबद्दलच.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी मेंदूचा आलेख काढण्याच्या यंत्रावर रुजू झाले. मॅडम तिथे मेंदूविकारतज्ज्ञ होत्या. शाईच्या लेखण्या सरकत्या कागदावर रेघा ओढत. रेघ सपाट झाली की कागद थांबवायचा, वाया घालवायचा नाही, ही तिथली शिस्त.

सुरगाण्याच्या एका बाईचे सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ आले. मी शिस्त पाळली. कागदावर रेघेच्या नुसत्या उसळ्याच, एकीला लागून एक, उरल्या. शिकाऊ डॉक्टरांना ते सलग झटके वाटले. त्यांनी इंजेक्शन भरायला घेतले. तेवढ्यात मॅडम आल्या.

"शोभा, मधली शांतता कुठे गेली?"

"सपाट होती, मॅडम. कागद वाचवला."

"कागद वाचवलास, पोर घालवणार होतीस. ठेवा ते इंजेक्शन!"

त्यांनी उभे राहून तासभराचा अखंड आलेख काढून घेतला. उसळी, शांतता, पुन्हा उसळी. मग त्या दाराशी बसलेल्या आईजवळ जमिनीवरच बसल्या.

"बाई, पोराला फिट हाय का?"

"नाही गं. मेंदूची जुळणी चाललीय. कुणी हाक मारली नाही तरी त्याच्या पेशी आपल्याआपण बोलतात, गप्प होतात, पुन्हा बोलतात. या वयात असंच असतं."

"मंग बापावर गेलं. त्योबी कुणी न इचारता बोलतो."

मॅडम खळखळून हसल्या. मला मात्र आठवडाभर त्यांच्याकडे बघवले नाही.

त्यानंतर अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाचा अखंड आलेख त्यांनी जपला. पुढे संगणक आला, मॅडम निवृत्त झाल्या, आणि ते गठ्ठे रद्दीसाठी स्कूटरींच्या शेडमध्ये फेकले गेले. "ताई, सपाट रेघा कशाला सांभाळता?" असे मला विचारणारे व्यवस्थापकच आज या ग्रंथात मॅडमच्या दूरदृष्टीवर लिहीत आहेत. लाज वाटायला हवी. मी रिक्षाने ते गठ्ठे इंदिरानगरला माझ्या घरी नेले.

मॅडमना ठणठणीत शंभरी लाभो. हे सगळे वाचू शकणारे दुसरे कोणी मला ठाऊक नाही.

काल त्यांच्या घरी सुपूर्द केले : अखंड आलेखांचे एकोणीस गठ्ठे, आयांच्या नावांची एक वही, मी थांबवून थांबवून काढलेली ती एक पट्टी. पोच त्यांच्याच अक्षरात : 'गठ्ठे, वही मिळाली. पट्टी अपुरी.'