लॉन, मांडव आणि कामठ्यातली खोटी म्याडम

"जुन्या घरांच्या बागा बघायच्यात ना? मग माझ्या माहेरी चल," असं माझी मैत्रीण वृंदा म्हणाली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ती कुणाला उगाच जेवायला नेत नाही. पण सेमीच्या शेंगांचे दिवस होते. निघाले.

नागपूरहून सकाळची गाडी धरली, तर जेवणाआधी गोंदिया. स्टेशनबाहेर गरम समोसा खा आणि ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा. मराठीत विचारलंत तरी उत्तर हिंदीतच येतं. पुढे वृंदाच्या गावापर्यंत, कामठ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे, माणसाहून उंच रचलेले ढीग.

वृंदाचं घर कवेलूंचं, कौलारू. मागे सांदवाडी, म्हणजे परसबाग. न्हाणीचं पाणी जातं तिथे केळी आणि कोचईची, म्हणजे अळूची पानं, कुंपणावर सेमीचा वेल, स्वयंपाकघराची भिंत उन्हाळ्यात तापू नये म्हणून पश्चिमेला जांबाची (पेरूला इथे जांब म्हणतात) झाडं. आणि या सगळ्यावरून चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा! वृंदाच्या वडिलांना एका लग्नात लॉन आवडलं होतं. आता सगळं साफ करून तसंच हवं होतं.

"ह्या नागपूरच्या बागेच्या मोठ्या म्याडम," वृंदाने माझी ओळख करून दिली. माझं बागकाम म्हणजे बाजारातून कोथिंबीर आणणं. वृंदाच्या आईने, काकूंनी, चहा देता देता कानात सांगितलं, "तू फक्त लॉन नाई म्हन. बाकी माह्यावर सोड."

काका मला मागे घेऊन गेले. "कायले ठेवाचा हा पसारा? लॉन कसा मोकळा दिसते."

"काका, नागपुरात तर लोक लॉन उखडून राहिले."

"काऊन?"

"आता वेलाच्या मांडवाची फॅशन आहे," मी ठोकून दिलं. "दारापुढे. पाहुणे त्याखालीच बसतात."

काका थबकले. "आपल्या गावात हाये का कोनाकडं?"

"अजून नाही."

झालं! सेमी-वांग्याची भाजी आणि भात खाऊन मी हात धुते तोवर काका बांबू घेऊन पुढच्या अंगणात. खड्डे नेमके काकूंच्या शेवंतीत.

"तुले लॉन नाई म्हनाले सांगतलं होतं," काकू माझ्यावर कडाडल्या, "मांडव कायले काढला?"

दुसऱ्या दिवशी बोदलकसा तलाव बघायला जायचं ठरलं होतं, ते बुडालं. शिक्षा म्हणून मी शेवंती उपटून विहिरीच्या वाटेवर लावत होते. "वाकडीतिकडी लाव," काकू वरून सांगत होत्या, "पोलिसाच्या रांगेवानी नोको." मागच्या रेघा मात्र त्यांनी स्वतः झाडूने पुसल्या, गाणं गुणगुणत.

निघताना काकांनी अदबीने विचारलं, "म्याडम, मांडवाखाली खुर्च्या ठेवाच्या का खाट?"

"खाट," मी तज्ज्ञासारखं सांगितलं.

घरी आल्यावर कंबर आठवडाभर दुखली. खोटं बोलल्याची टोचणी त्याआधीच गेली. डोळे मिटले की आजही वेडीवाकडी पिवळी वाट दिसते, आणि तशी देखणी बाग मी आजवर कुठे पाहिली नाही.

परवा वृंदाचा फोन आला. मांडवावर चढवायचा दोडका अजून गुडघ्याएवढाच आहे, पण खाटेवर बसायला लोक येतात. गल्लीत आणखी दोन दारांपुढे बांबू पडलेत, आणि काका तिथे उभे राहून सांगतात म्हणे, "नागपुरात आता असंच चालू हाये. मी सोता इचारलं."