आठ दिवसांतला दात

त्या वर्षी माझ्या दवाखान्याच्या नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. चूळ भरायला ठेवलेले कागदी कप अर्धेच भरायचे, असं मी मदतनीस बाईंना सांगून ठेवलं होतं. तेव्हाच्या औरंगाबादेत बीड बायपासला इमारतींमागून इमारती उठत होत्या. त्यातल्याच एकीत, पहिल्या मजल्यावर, मी नवा दवाखाना थाटला होता. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झालेली, डॉक्टर झालेली मीच पहिली. रुग्ण कमी होते आणि हौस फार होती.

मे महिन्यात करमाडहून एक मुलगी आली. तेविसेक वर्षांची, तोंडाशी ओढणी धरलेली, सोबत आई. गावात टँकर आला, पाण्यासाठी झुंबड उडाली आणि कुणाच्या तरी हंड्याचा काठ तिच्या तोंडावर बसला. वरचा पुढचा दात मुळापर्यंत चिरत गेला होता. तो वाचण्यातला नव्हता.

मुलगी जालना रोडवरच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये समोरच्या टेबलावर बसायची. मॅनेजरनं तिला दात बसेपर्यंत मागं स्टोअरमध्ये बसवलं होतं.

"पुढच्या सोमवारी मोठे साहेब येणारेत, मॅडम," ती म्हणाली. "कायम करायचं का नाय, ते ठरवणारेत. तवर दात पाह्यजे."

मी म्हटलं, "तोवर काढता-घालता येणारा दात देते. हा दात काढून मुळाच्या जागी हाडात स्क्रू आज बसवू, पण पक्का दात तीन-चार महिन्यांनी."

"माझ्या मावशीचा तसला दात बोलता बोलता खाली पडला व्हता," ती म्हणाली. "नको."

मी तिथंच अडून बसायला हवं होतं. पण त्याच दिवशी दात लावायची पद्धत मी नुकतीच एका शिबिरात शिकून आले होते, आणि खरं सांगायचं तर मला ती करून बघायची होती. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो बाहेरच्या भिंतीवर लावायचेही मनात होते.

चिरलेला दात काढून त्याच जागी स्क्रू बसवला. तो हाडात किती घट्ट बसला हे सांगणारा एक पाना असतो. मला हवी होती तेवढी पकड त्यानं दाखवली नाही. पुन्हा आवळून पाहिलं, तरी तेच. अशा वेळी हिरडी शिवून टाकायची, हाड स्क्रूभोवती जमू द्यायचं आणि थांबायचं, हे मला पाठ होतं. मुलगी डोळे मिटून पडली होती. मी पान्याचा आकडा तिच्या कागदावर लिहिला आणि वर तात्पुरती कॅप चढवली.

आरशात बघून ती हसली. आईनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "भाकरी भिजवून खायची, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही," मी बजावलं. सोमवारी ती कायम झाली.

पाच आठवड्यांनी दोघी परत आल्या. मी बोट लावलं तर कॅपसकट स्क्रू फिरला. दुखलंही नाही तिला. हाडानं तो धरलाच नव्हता.

"काही कडक खाल्लंस का?" मी विचारलं.

तिनं बराच वेळ आठवलं. "एकदा पेरू खाल्ला व्हता. पण मागच्या दाढांनी."

"मग त्यानंच झालं," मी म्हणाले.

आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "तुला किती वेळा सांगितलं व्हतं गं! मॅडमच्या कष्टाचं वाटोळं केलंस." मुलीनं खाली बघून मला "सॉरी" म्हटलं. मी हातमोजे काढले.

स्क्रू काढला तेव्हा बाहेरचं पातळ हाडही गेलेलं दिसलं. हिरडी आत बसली. आता आधी हाड भरावं लागणार होतं, मग पुन्हा थांबणं. ती नको म्हणाली आणि शेवटी तोच काढता-घालता येणारा दात घेऊन गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तो दात तडकला म्हणून दोघी आल्या. तोवर मी वर्षभर तो धपाटा आठवत होते. काम बाजूला ठेवून मी सांगितलं, "पेरूनं काही झालं नव्हतं. स्क्रू पहिल्या दिवशीच सैल होता. मला दिसलं होतं, तरी मी कॅप लावली."

आईनं विचारलं, "म्हणजे पोरीचं काय चुकलं नव्हतं?"

"नाही."

"वर्षभर बोलले मी तिला. पाहुण्यांसमोर बोलले."

मी माफी मागितली. पुढचे उपचार मी करून देते, म्हणाले. मुलीनं तिचे कागद आणि एक्स-रे मागितले. मी सगळे दिले.

"तवाच सांगायचं व्हतं, मॅडम," दारात थांबून ती म्हणाली. "आई बोलायची तवा माझं काय चुकलं नाय, एवढं तरी म्हणले असते."

दोघी जिना उतरून गेल्या. पुढं शहरातल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी आधी हाड भरलं, मग स्क्रू बसवला आणि वर्ष उलटून गेल्यावर दात लावला. तो टिकला, असं त्या डॉक्टरांकडूनच कळलं. ती माझ्याकडे पुन्हा आली नाही. तिनं यावं असं म्हणायला मला तोंडही नव्हतं.