शेळीची चिठ्ठी

"गरज का हौस?" असं विचारताना मास्तर डाव्या हाताने स्वतःचाच खिसा झाकायचे. इस्लामपुरातल्या आमच्या हायस्कुलात ते गणित शिकवायचे आणि मी चित्रकला. मी नवी छत्री घेतली, तेव्हाही हाच सवाल.

"अहो, भिजत येऊ का शाळेत?"

"छत्री गरज. पण पितळी मूठ? हौस!"

असा राग आला म्हणून सांगू!

त्यांची स्वतःची एक सायकल होती. चिखल दिसला की मास्तर खाली उतरायचे आणि सायकल खांद्यावर घ्यायचे. एका पोराने एकदा धीर करून विचारलं, "सर, सायकल गरज का हौस?" "गरज!" मास्तर ओरडले, आणि त्याला व्याजाची दहा गणितं जादा दिली.

लढाईचे दिवस होते आणि बाजारातून सुटे पैसे गडप झाले होते. पोराच्या हातात आणा असला, तरी फाटकाशी बसणारी शेंगावाली आजी पैशाच्या शेंगा देऊन उरलेले परत कुठून देणार? मास्तरांना युक्ती सुचली. पोरांची नाणी वर्गातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि बदल्यात एकेका पैशाच्या चिठ्ठ्या द्यायच्या. आजीने चिठ्ठ्या साठवून आणल्या की डब्यातून तिला नाणी. "पेढी कशी चालते ते पोरांना कळेल," मास्तर म्हणाले. चिठ्ठीचा लाकडी ठसा मी कोरला. त्यावर खिलारी बैल, वशिंडासकट.

आजीने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "शेळी बरी काढलीया. पर खाली मास्तरची सही हाय न्हवं? मग चालंल."

शेळी! तीन दिवस खपून कोरलेला बैल हो माझा!

चिठ्ठी चालली कसली, धावली. न्हावी घेऊ लागला, हॉटेलवाला घेऊ लागला. मास्तर हरखले आणि इथेच घसरले. बरोबर आलेल्या प्रत्येक गणिताला त्यांनी एक चिठ्ठी बक्षीस लावली. तिच्यापोटी डब्यात मात्र छदाम पडत नव्हता. आठ दिवसांत अख्खा वर्ग हुशार झाला आणि आजीच्या शेंगा मुठीवरून चिमटीवर आल्या. "याला म्हणतात महागाई," मास्तर फळ्यावर आनंदाने समजावत होते. ती तुम्हीच केलीत, असं मी म्हटलं. ऐकतात कुठले!

मग एके दिवशी आजी भर वर्गात आली, पदरात चिठ्ठ्यांचं गाठोडं. "आवं मास्तर, पैसं द्या. शेंगा भरायच्या हायत."

डबा रिता झाला तरी निम्म्या चिठ्ठ्या उरल्या. आजीच्या मागे न्हावी, त्याच्या मागे हॉटेलवाला. मास्तरांना घाम फुटला. मी कानाशी लागलो, "वर्गातला खेळ होता म्हणा की. कोण काय करणार आहे?"

"खाली सही माझी आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांकडे चार दिवसांची मुदत मागितली.

चौथ्या दिवशी त्यांनी पैनपै चुकती केली. त्या दिवशी ते चालत आले होते, धोतर चिखलाने भरलेलं. "सर, सायकल?" त्याच पोराने विचारलं.

मास्तर थोडा वेळ कोराच फळा पुसत राहिले. "हौस होती रे," ते म्हणाले.

मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. अजून वाटते.

पुढे त्यांची साताऱ्याला बदली झाली आणि तिकडेच ते वारले. बातमी आली त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आजीजवळ थांबलो आणि तिला सांगितलं. मग तिने चंचीतून एक चिठ्ठी काढली. "एवढी मोडायची ऱ्हायली व्हती."

मी म्हटलं, "आण आजी, मी देतो पैसा. ठसा माझाच आहे."

तिने चिठ्ठीची नीट घडी घातली आणि परत चंचीत ठेवली.

"ऱ्हाऊ द्या. शेळी तुमची आसंल, पर सही त्येंची हाय."