ज्या नवसाची मला लाज वाटली

मी पोलादपूरला शाळेत मराठी शिकवते. मुलांना 'मत्सर' या शब्दाचा अर्थ समजावताना उदाहरणासाठी मला लांब जावं लागत नाही, इतकंच सुरुवातीला कबूल करते. बाकीचं सांगायला मला बरीच वर्षं लागली.

माझा मुलगा महाडच्या दवाखान्यात झाला. दोन दिवस कळा देऊनही शेवटी सिझेरियनच करावं लागलं. त्यानंतर दुसरं मूल राहिलंच नाही. सासूबाई आमच्या गावी, कापड्याला राहणाऱ्या, जुन्या वळणाच्या. त्यांनी कधी टोचून म्हटलं नाही, पण कुणी विचारलं की एवढंच सांगायच्या, "हिचं पोर कापून काढावं लागलं गो." मला ते प्रत्येक वेळी टाक्यांच्या जागी लागायचं.

मग धाकटी जाऊ मंजिरी घरात आली. दीर पुण्याला नोकरीला, ही शिकलेली, हसरी, कुणालाही आवडावी अशी. तिनं पहिल्या मुलीच्या वेळी पुण्यात एक दवाखाना शोधून काढला. तिथे कोमट पाण्याच्या टबात बाळंतपण करत असत. दोन हजार सालानंतरची ती गोष्ट, आमच्याकडे कुणी असलं काही ऐकलंही नव्हतं. महिन्याभरानं ती फोटोंचा अल्बम घेऊन आली. निळा टब, पाण्यात बसलेली मंजिरी, छातीशी गुलाबी पोर आणि चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखी शांती. सासूबाईंनी तो अल्बम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला दाखवला. "येक टाका नाय. मासळीगत अलगद आली पोर!" मी तिळगूळ वाटत होते. गोड बोला म्हणताना माझे दात आवळले जात होते.

मंजिरीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी अभिनंदन केलं, पुरणपोळ्याही पाठवल्या. आणि पुढच्या रविवारी कापड्याला जाऊन गावदेवीसमोर उभी राहिले. देवळात कुणी नव्हतं. मी हळूच म्हटलं, "आई, या खेपेला तिला तो टब मिळू देऊ नकोस. एवढं कर, मी खणानारळानं तुझी ओटी भरीन." तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं, असं मी स्वतःला बजावलं. फक्त तिनंही एकदा आमच्यासारखं व्हावं. घरी येताना हलकं वाटलं, हे जास्त वाईट.

मे महिन्यात गावातल्या एका घरचं मोठं लग्न होतं. मंजिरीला आठवा संपत आला होता, तरी डॉक्टरांना विचारून ती चार दिवसांसाठी आली. लग्न महाडला. गावातल्या दोन्ही जीपा वऱ्हाड घेऊन गेल्या, आमच्या घरचे पुरुष आणि मुलंही त्यातच. घरी राहिलो सासूबाई, मंजिरी आणि तिच्या सोबतीला मी. दुपारी जेवणं झाली आणि तिचं पाणी गेलं. शेजारच्या दुकानातून मी पोलादपूरच्या दवाखान्यात फोन केला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. मी फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की झालं, मिळाला नाही टब. दुसऱ्या क्षणी ध्यानात आलं: माझा नवस पूर्ण होत होता.

तेवढ्यात अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. साठीची, काटक, काखेत बोचकं. वरच्या डोंगरातल्या कुडपणची होती. लेकीकडे आली होती आणि परतीची एसटी लग्नाच्या गर्दीनं भरलेली, म्हणून थांब्यावर थांबलीच नव्हती. "पानी दे गो बाय," म्हणाली. आतून मंजिरीचा आवाज आला तसं तिनं तांब्या न पिताच खाली ठेवला. वर डोंगरात तिनं कितीतरी बाळंतपणं केली होती.

मंजिरी भिंतीला धरून उभी होती. कळ आली की तिच्या तोंडून एकच निघे, "ताई, मला पाण्यात बसवा हो." न्हाणीत बादल्यांशिवाय काही नव्हतं. बाईनं विचारलं, "मोठं भांडं नाय काय गावात?"

भांडं होतं. देवळाच्या कोठीत, गावजेवणाच्या भाताचं तांब्याचं टोप. एक बाई गुडघे दुमडून सहज बसेल एवढं. सासूबाई कळवळल्या, "देवीच्या टोपात सुवेर व्हावं काय?" बाई पदर खोचत म्हणाली, "देवी पन बायमानूसच हाय ना?"

कोठी गाभाऱ्याशेजारीच. ज्या जागी उभी राहून मी टब मिळू नये म्हणून मागितलं होतं, तिथूनच मी आणि ती अनोळखी बाई ते टोप गडगडवत बाहेर काढत होतो. मला देवीकडे बघवलं नाही.

टोप घासलं, बंब पेटवला, विहिरीचं पाणी उकळून निववून ओतलं. मंजिरी आत बसली आणि तिचे खांदे सैल पडले. खरं सांगते, मला तेव्हासुद्धा तिचा हेवा वाटला. मला का नाही कुणी असं पाण्यात बसवलं? मी तिच्या पाठीवर तांब्यानं ऊन पाणी सोडत होते आणि रडत होते. तिला वाटलं, तिच्या काळजीनं.

तासाभरात मुलगा झाला. बाईनं त्याला पाण्याबाहेर घेतलं, पण तो रडेना. नुसता पडून. मी टोपाची कड घट्ट धरली. आई, माझा नवस परत घे, माझं काय घ्यायचं ते घे, असं काहीबाही पुटपुटत राहिले. बाई त्याची पाठ चोळत होती. मंजिरीच धाप टाकत म्हणाली, "घाबरू नका ताई. पाण्यातली बाळं लगेच रडत नाहीत." धीर मी द्यायचा तर तीच मला देत होती. आणि मग तो रडला.

गाडी आली, दोघांना पोलादपूरला नेलं, सगळं ठीक निघालं. बाईला मी पुढच्या आठवड्यात साडी पाठवली. तिनं निरोप धाडला, त्या दिवशीचं पाणी प्यायचं राहिलं, एकदा येईन.

नवस मात्र राहिला होता. आमच्याकडे नवस अंगावर ठेवत नाहीत आणि तो मनातल्या मनात फिटतही नाही. गुरव सगळ्यांसमोर कारण विचारतो आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो. सव्वा महिन्यानं मंजिरी बाळाला देवीच्या पायावर घालायला आली, त्या दिवशी मीही खणनारळ घेतला. गुरवकाकांनी विचारलं, "कशाचा नवस, बाई?" सुखरूप बाळंतपणाचा, असं जिभेवर आलं होतं. शेजारी मंजिरी होती, मागे सासूबाई. मी खरं ते सांगितलं.

मंजिरीचा चेहरा उतरला. काका नारळ हातात घेऊन देवीकडे वळले आणि म्हणाले, "आई, हिनं मागितलं ते तू दिलंस. हिला मागायला सुचलं नाय, ते पन दिलंस. हिची ओटी मान्य कर."

मंजिरी त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते बरोबरच होतं. पुण्याला निघताना जीपमध्ये बसली आणि पुन्हा उतरली. बाळ माझ्या हातात देऊन म्हणाली, "धरा जरा. तुमच्या नवसाचा आहे."

हेवा अजून वाटतो मला, स्वभाव एवढ्यानं जात नाही. पण आता देवीपुढे उभी राहिले की मी काही मागत नाही. फूल ठेवते आणि म्हणते, तुला जे द्यायचं ते दे, माझं ऐकू नकोस.