डावीकडची सीट

आग विझवायचे लाल सिलिंडर तपासून भरून देणं हा माझा धंदा. पूर्ण्याच्या गोदामांतून दिवसभर फिरायचं, प्रत्येक सिलिंडरचा दाबाचा काटा बघायचा, काटा हिरव्या पट्ट्यात असला की कार्डावर सही करायची. एवढ्या वर्षांत माझा स्वभावही त्या काट्यासारखाच झाला होता. दिसतं ते खरं, बाकी लोकांच्या गप्पा. देवाला हात जोडायचो, नाही असं नाही, पण ते घरात आई आहे म्हणून. पुढे जे सांगतो आहे ते पटवायला सांगत नाही. मलाच ते अजून पुरतं पटलेलं नाही, आणि तरीही त्या आठवणीने सकाळी हात आपोआप जोडले जातात.

गोदामांच्या रस्त्यांवर खड्डे असे की भाड्याचे टेम्पोवाले मला टाळायला लागले होते. म्हणून एक जुनी एसयूव्ही घेतली. जुन्या गाड्यांच्या आवारात ती बरेच पावसाळे उभी होती, चाकांतून गवत आलेलं, पायाखालचा पत्रा सडलेला. नारपोळीचे शकीलभाई माझे जुने मेकॅनिक. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "इंजन में जान है भाऊ, बाकी सब बना देंगे." बनवलीही. पत्रा कापून नवा जोडला, क्लच प्लेट बदलली, रेडिएटर धुतला, मागच्या सीटा काढून तिथे सिलिंडर न घरंगळता उभे राहतील अशी लोखंडी चौकट बसवली. एक लहान बाक तेवढा आईसाठी ठेवला. ड्रायव्हरची सीटही बदलावी लागली. डावीकडची मात्र धडधाकट होती, तिच्यावर फक्त नवं रेक्झिन चढवलं.

शकीलभाईंच्या गॅरेजच्या दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. तिथे माणूस ओरडूनच बोलतो. गाडी पहिल्यांदा चालू केली, इंजिन नीट लागलं, आम्ही दोघं खुशीत होतो, आणि तेवढ्यात वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत गाडीतून आवाज येत होता, टुंग, टुंग, टुंग. समोर लाल दिवा लागला होता. डावीकडे बसलेल्या माणसाने बेल्ट लावलेला नाही, असं गाडी सांगत होती. डावीकडे कुणी नव्हतं.

सीट काढली, झटकली, उन्हात ठेवली. खालचा सेन्सर पुसला, मग नवा टाकला. गॅरेजमध्ये आवाज बंद व्हायचा आणि अंजूरच्या रस्त्याला, खाडीचं पाणी अडवणाऱ्या जुन्या खारबांधाची हद्द लागली की पुन्हा सुरू व्हायचा. शेवटी शकीलभाईंनी हात टेकले. "एअरबॅग की वायर भी उधर ही है, ज्यादा छेड़ना ठीक नहीं. खाली सीट को बेल्ट लगा के रखो भाऊ, सब लोग वही करते हैं." मी बेल्ट ओढला, खट्‌कन अडकवला, आणि आवाज थांबला. आपल्याकडे दुखणं बरं करण्यापेक्षा ते गप्प करणं सोपं पडतं, त्यातलाच प्रकार.

गाडीच्या पूजेला आई ताट घेऊन अंगणात आली. तिची आठवण तेव्हा विरत चालली होती. माझं नाव विसरायची, पण खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा अचूक सांगायची. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि आईने ताट बॉनेटवरून न ओवाळता डावीकडच्या खिडकीतून आत नेऊन त्या सीटसमोर ओवाळलं. बायको, वैशाली, हसली. मी म्हटलं, "आई, तिथं कोण नाही."

"बसूंदे त्याला," आई म्हणाली. "त्याची जागा ग्येली ना. कुठं बसल तो?"

कुणाबद्दल बोलते आहे ते कळायला मला वेळ लागला नाही. आमच्या शेताच्या टोकाला, खारबांधावर शेंदूर लावलेला एक धोंडा होता. तो राखणदार. बाबा लावणीआधी त्याला नारळ द्यायचे, खाडीत उतरताना आई त्याला सांगून उतरायची. जमिनी गेल्या, गोदामांसाठी मुरुमाचा भराव पडला आणि धोंडा त्याखाली गेला. दुसरीकडे बसवू असं सगळेच म्हणाले होते, नंतर तो विषय निघालाच नाही.

त्या दिवसापासून आई पुढे बसायला तयार होईना. दवाखान्यात न्यायचं असलं तरी मागच्या बाकावर सिलिंडरांशेजारी अंग चोरून बसायची. "पुढं मानूस हाय," एवढंच म्हणायची. मी चिडायचो. पण खरं सांगायचं तर, मलाही त्या सीटवर पिशवी टाकवत नव्हती. नवं रेक्झिन सकाळी सपाट असायचं, संध्याकाळी त्यात बसल्यासारखा खोलगटपणा दिसायचा. काचा बंद असताना गाडीत खाडीच्या चिखलाचा वास यायचा. भर उन्हात एकटा गाडी चालवताना डावीकडे बघायचं मी टाळायला लागलो. वाहतुकीत अडकल्यावर तोंडात आलेली शिवी गिळायला लागलो, जसं बाबा शेजारी असताना करायचो. सकाळी आधी त्याचा बेल्ट लावायचो, मग माझा. हे मी वैशालीलाही सांगितलं नव्हतं.

ती अमावस्येची दुपार होती. मी पूर्ण्याला एका गोदामात होतो, वैशालीचा फोन आला. "अहो, आई घरात नाहीत. मी कपडे वाळत घालून आले, तेवढ्यात..." मी धावत गाडीत बसलो. रिक्षा स्टँडवर विचारलं, गावदेवीच्या देवळात बघितलं, कुणी पाहिली नव्हती. अमावस्येला भर दुपारी उधाण असतं, पाणी बांधापर्यंत चढतं, हे मला आईनेच लहानपणी शिकवलेलं. आई शेतावर निघाली असणार. पण शेत होतंच कुठे? जिकडे बघावं तिकडे निळे पत्रे, सारख्याच भिंती, सारखेच भराव. आपलीच जमीन मला ओळखता येत नव्हती.

एका ठिकाणी कच्च्या रस्त्याला दोन वाटा फुटतात. उजवीकडचा मोठा, लोकांच्या येण्याजाण्याचा. तिकडे कुणीतरी तिला पाहिलं असेल म्हणून मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. तेवढ्यात शेजारी आवाज झाला, खट्. बेल्ट उघडला आणि सर्रकन वर गेला. टुंग, टुंग, टुंग. मी त्याला हातही लावला नव्हता. आणि मग, मी बेल्ट पुन्हा ओढायच्या आत, तो आवाज आपोआप बंद पडला. लाल दिवाही विझला. सीटवरून कुणीतरी उतरलं होतं.

गाडी तशीच बंद केली आणि खाली उतरलो. समोर भराव, माणूस नाही, पाखरू नाही, डोक्यावर ऊन. त्या शांततेत डावीकडून, भरावाच्या खालून, आईचा आवाज आला. ती हाक मारत नव्हती. ओट्यावर शेजारणीशी बोलावं तशी कुणाशी तरी गप्पा मारत होती.

मी उतारावरून घसरतच खाली गेलो. तिवराच्या झुडपांत आई गुडघ्यांच्या वर चिखलात रुतली होती, एका फांदीला धरून. पाणी कमरेला लागलं होतं आणि चढत होतं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला बघून ती बाजूच्या रिकाम्या पाण्याकडे वळली आणि म्हणाली, "बघ, आला." तिचे पाय चिखलातून कसे काढले ते मला आठवत नाही. तिला कवटाळून वर आणलं आणि लहान पोरासारखा रडलो. ती माझ्या पाठीवरून चिखलाचा हात फिरवत राहिली. "रडतंस कशाला बाला? मीच धाडला होता त्याला, तुला आनाला."

शकीलभाईंनी नंतर बेल्टचं बकल उघडून बघितलं. आतली स्प्रिंग झिजली होती, खड्ड्यात निसटली असेल, म्हणाले. असेलही. त्यांच्याशी वाद घालावा असं मला वाटलं नाही. बकल बदलून घेतलं आणि पुढच्या रविवारी गावातली चार माणसं घेऊन त्या वळणावर, बांध होता त्याच्या जवळात जवळ, एक धोंडा बसवला. शेंदूर आईने लावला. कुठे किती लावायचा ते तिला विचारावं लागलं नाही. तेव्हापासून मी रिकाम्या सीटचा बेल्ट लावत नाही. गाडी गप्प असते. काटे मी अजूनही बघतो, सह्या करतो, पण ज्या वाटेला मी वळत होतो ती चुकीची होती हे विसरत नाही. माझ्या हातून जे सुटलं होतं, ते कुणीतरी धरून ठेवलं होतं.

परवा आईला दवाखान्यात न्यायचं होतं. सवयीने मी मागचं दार उघडलं. ती माझ्याकडे न बघता पुढे गेली, डावीकडचं दार उघडून ऐटीत बसली आणि पदर सावरला. "आई, पुढे?" मी विचारलं.

"रिकामी हाय ना आता," ती म्हणाली.

मी गाडी चालू केली. टुंग, टुंग, टुंग. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. मी आईपलीकडे हात नेला, बेल्ट ओढून तिला लावला, आणि गाडी शांत झाली.